आठ वारांचा इतिहास

इ. स. १७४६ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्कॉटलंडसाठी एक कायदा केला. तेथील डोंगरी मुलखातल्या लोकांची शस्त्रे काढून घ्यावीत, असे त्यात होते. नुकतेच एक मोठे बंड मोडलेले असल्यामुळे राज्यकर्त्यांना शस्त्रांची धास्ती वाटावी, हे समजण्यासारखे आहे. पण त्याच कायद्याच्या पुढच्या भागात शस्त्रांऐवजी कपड्यांची यादी लागते. १ ऑगस्ट १७४७ नंतर स्कॉटलंडातील कोणाही पुरुषाने वा मुलाने डोंगरी पद्धतीचा पोशाख अंगावर घालता कामा नये, किल्ट नेसता कामा नये, चौकडीच्या कापडाचा अंगरखाही शिवता कामा नये, असा हुकूम होता. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद; पुन्हा सापडला तर सात वर्षे समुद्रापलीकडच्या मळ्यांवर हद्दपारी. बायकांना ही बंदी नव्हती, आणि सरकारी फौजेत चाकरीस असलेल्या शिपायांनाही नव्हती. हा कायदा पस्तीस वर्षे अमलात राहिला.

तलवारीची भीती वाटते ती का, हे कोणी सांगावे लागत नाही. परंतु निऱ्यांची भीती एखाद्या राज्याला का वाटावी? आणि ज्या वस्त्रावर इतका राग, ते आज स्कॉटलंडातला माणूस लग्नात, सणासमारंभाला, आप्ताच्या अंत्ययात्रेलाही मोठ्या अभिमानाने नेसतो. कपाटात दोनतीन किल्ट असले तर त्यांतला एक त्याला जिवाभावाचा असतो, हे कसे घडले? ह्या दोन प्रश्नांच्या मधली वाट पाहिली, तर वस्त्राला मान कोठून मिळतो, ह्याचा थोडा उलगडा होतो.

स्कॉटलंडचे ढोबळमानाने दोन भाग आहेत. दक्षिणेचा व पूर्वेचा सखल प्रदेश, आणि उत्तर-पश्चिमेचा डोंगराळ, तळ्यांनी व खाड्यांनी चिरलेला मुलूख. ह्या दुसऱ्या भागाला हायलंड म्हणतात. आपल्याकडे मावळ आणि देश ह्यांत जसा फरक, तसाच तो तेथे होता. आणि शिवाय भाषाही वेगळी होती. हायलंडचे लोक गेलिक बोलत, आपापल्या कुळाच्या प्रमुखाला मानीत, गुरे पाळीत आणि प्रसंगी शेजाऱ्याची गुरे हाकून नेत. सखल प्रदेशातला व्यापारी स्कॉट त्यांना रानटी समजे. किल्ट हे मूळचे ह्या डोंगरी लोकांचे वस्त्र. साऱ्या स्कॉटलंडचे ते राष्ट्रीय वस्त्र होईल, असे तीनशे वर्षांपूर्वी एडिंबरोच्या एखाद्या वकिलाला कोणी सांगितले असते, तर त्याला ती थट्टाच वाटली असती.

मूळचे हे वस्त्र आजच्यासारखे शिवलेले नव्हते. गेलिक भाषेत त्याला ‘फेले मोर’, म्हणजे मोठे गुंडाळवस्त्र, असे म्हणत. माग अरुंद असल्यामुळे कापडाचे दोन पट्टे एकमेकांना जोडून घ्यावे लागत. त्यातून सुमारे दीड वार पन्ह्याचे आणि चार ते सहा वार लांबीचे जाड लोकरी कापड तयार होई. त्याच्या निऱ्या करून कमरेला पट्टा आवळायचा. पट्ट्याखालचा भाग गुडघ्यापर्यंत येई. वरचा भाग पावसात डोक्यावरून घ्यायचा, उघडीप असली की खांद्यावर टाकून काट्याने अडकवायचा, आणि रात्री पट्टा सोडून तेच कापड अंगाभोवती लपेटून माळावर झोपायचे. आपल्या धनगराची घोंगडी आणि आपल्या आजीचे लुगडे ह्या दोहोंची कामे एकाच वस्त्राने केली, असे समजावे. निऱ्या रोज नव्याने कराव्या लागत. दोन दिवसांच्या निऱ्या सारख्या पडत नसत. ‘किल्ट’ हा शब्द मात्र गेलिक नाही. तो उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आला, आणि त्याचा अर्थ आपल्या ‘ओचे खोचणे’ ह्या क्रियेच्या अगदी जवळचा आहे.

ह्या वस्त्राचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख १५९४ सालचा. त्या वर्षी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवरून काही भाडोत्री शिपाई आयर्लंडात लढायला आले. त्यांच्या रंगीबेरंगी पांघरुणांवरून कमरेचा पट्टा आवळलेला होता, म्हणून ते आयरिश शिपायांहून निराळे ओळखू येत, असे एका आयरिश चरित्रकाराने नोंदवून ठेवले आहे. चौकडीचे कापड त्याहून पुष्कळच जुने. फॉलकर्क गावाजवळ १९३३ साली रोमन नाण्यांनी भरलेले एक मडके सापडले. त्याच्याबरोबर लोकरी चौकडीचा एक तुकडा होता. तो तिसऱ्या शतकातला. पण त्याचे रंग मेंढीच्या अंगचेच, एक फिका व एक गडद. रंगवलेल्या सुतांची खरीखुरी टार्टन चौकडी म्हणता येईल असा सर्वांत जुना तुकडा ग्लेन ॲफ्रिक खोऱ्याजवळच्या दलदलीत मिळाला. तो सोळाव्या शतकातला असल्याचे २०२३ साली जाहीर झाले.

आज आपण पाहतो तो आखूड किल्ट म्हणजे त्या मोठ्या वस्त्राचा खालचा अर्धा भाग होय. वरचा भाग कोणी व केव्हा कापला? ह्याविषयी एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. टॉमस रॉलिन्सन नावाच्या लँकाशरच्या एका इंग्रज कारखानदाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हायलंडात लोखंडाची भट्टी घातली. तिच्यावर काम करणाऱ्या डोंगरी मजुरांना अंगाभोवतीचा तो बोजा अडचणीचा होई. म्हणून त्याने कापड अर्धे केले, खालचा भाग वेगळा केला आणि स्वतःही तो नेसू लागला. ही हकीकत १७६८ सालच्या एका पत्रात आहे आणि १७८५ साली ती छापली गेली. स्कॉटलंडचे राष्ट्रीय वस्त्र एका इंग्रजाने बेतले, हे ऐकून अनेक स्कॉट चिडतात, आणि तसे अर्धे वस्त्र आधीपासूनच नेसले जात होते असे पुरावे पुढे करतात. हा वाद इतक्या तावातावाने चालतो, ह्यातच त्या वस्त्राचे मोल दिसते. धोतराची लांबी कोणी ठरवली, म्हणून आपल्याकडे कोणी भांडायला उठेल असे वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. आज प्रत्येक कुळाची वेगळी चौकडी असते, आणि ती पुराणकाळापासून चालत आलेली आहे, असा सर्वत्र समज आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. मार्टिन मार्टिन हा स्वतः बेटांवरचा राहणारा. त्याने १७०३ साली पश्चिमेकडील बेटांचे वर्णन प्रसिद्ध केले. कापडाच्या चौकडीवरून माणूस कोणत्या भागातला ते ताडता येते, असे तो लिहितो. कोणत्या कुळातला, असे तो लिहीत नाही. आणि ते साहजिकच होते. विणकरीण जवळपासच्या मुळापानांचे रंग वापरणार, आईने शिकवलेली नक्षी विणणार. तेव्हा एका खोऱ्याचे कापड दुसऱ्या खोऱ्याहून निराळे दिसणारच. आपल्याकडे लुगड्याच्या काठावरून गाव ओळखणाऱ्या बायका होत्याच की!

१७४५ सालचे बंड पाहा. स्टुअर्ट घराण्याचा वारस चार्ल्स एडवर्ड मूठभर माणसांनिशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उतरला. हायलंडातली काही कुळे त्याच्यामागे उभी राहिली, त्यांनी एडिंबरो घेतले, ती इंग्लंडात डर्बीपर्यंत चालून गेली, आणि तेथून मागे फिरली. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत सारे संपले. ह्या लढाईचे एक प्रसिद्ध चित्र मोरिए नावाच्या चित्रकाराने काढलेले आहे. त्यात आठ हायलंडर आहेत, आणि त्यांच्या अंगावरच्या निरनिराळ्या चौकड्या मोजल्या तर त्या वीसहून अधिक भरतात. एकाच माणसाचा अंगरखा एका चौकडीचा, विजार दुसऱ्या, तर पांघरूण तिसऱ्या! आपला कोण व परका कोण हे बंडवाले ओळखत ते टोपीवरच्या पांढऱ्या फितीच्या फुलावरून.

मग सरकारला भीती कशाची वाटली? कुळाच्या चौकडीची नव्हे, तर त्या साऱ्या जीवनपद्धतीची. ते वस्त्र म्हणजे माळावर झोपण्याची सोय, नदीनाले ओलांडण्याची सोय, प्रमुखाची हाक येताच घर सोडण्याची सोय. वस्त्र काढून घेतले की माणूस पाटलोण घालून शेजाऱ्यासारखा होईल, असा हिशेब होता. तो पुष्कळ अंशी बरोबरही ठरला. १७७३ साली डॉक्टर जॉन्सन बॉस्वेलला बरोबर घेऊन हायलंडातून फिरला, तेव्हा हा जुना पोशाख त्याला क्वचितच दृष्टीस पडला.

परंतु त्या हिशेबात एक फट राहून गेली होती. फौजेला बंदी नव्हती. हायलंडातील रेजिमेंटांना सरकारनेच किल्ट दिला होता. त्यांतली सर्वांत जुनी ‘ब्लॅक वॉच’ १७३९ साली उभी राहिली. तिची गडद हिरवी, निळी व काळी चौकडी पुढे ‘सरकारी चौकडी’ म्हणूनच ओळखली गेली. कलोडननंतर हायलंडच्या तरुणाला बापाचे वस्त्र उजळ माथ्याने नेसायचे असेल, तर ज्या राजाने बापाचे वस्त्र हिरावले त्याच राजाची चाकरी पत्करणे, एवढाच मार्ग उरला. हजारोंनी तो पत्करला. एका पराभूत जमातीचे वस्त्र जेत्यांच्या साम्राज्याचा गणवेश बनले, ते असे.

हा गणवेश ज्यांचा होता, त्या रेजिमेंटा आपल्या मुलखापर्यंत येऊन पोचल्या. आजच्या जालना जिल्ह्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे व नागपूरकर भोसले ह्यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. वेलस्लीच्या सैन्यात ७४वी व ७८वी अशा हायलंडरांच्या दोन रेजिमेंटा होत्या. ७४वी चुकीने थेट गावाच्या रोखाने गेली, मराठ्यांच्या तोफांच्या तोंडी सापडली आणि जवळजवळ कापली गेली. पुढे ह्या दोन्ही रेजिमेंटांना ‘असई’ हे नाव व हत्तीचे चिन्ह मानाने मिळाले. आणि सहाच वर्षांनी, १८०९ साली, हायलंडर भरतीला पुरेसे मिळत नाहीत आणि इतरांना हा पोशाख आवडत नाही, अशा कारणाने सहा रेजिमेंटांचा हायलंडी पोशाख काढून घेण्यात आला. त्यांत ही ७४वीही होती. असईच्या मातीत ज्यांनी आपली माणसे पुरली, त्यांना किल्टचा हक्क टिकवता आला नाही!

पोशाखबंदीचा कायदा १७८२ साली उठला. तोवर एक पिढी पाटलोण घालून वाढलेली होती. गरिबांनी ती सोडली नाही. ती स्वस्त होती व ऊबदार होती. किल्टकडे वळले ते श्रीमंत लोक. लंडनमध्ये राहणाऱ्या हायलंडी प्रतिष्ठितांनी १७७८ सालीच एक हायलंड सोसायटी काढली होती. ह्या सोसायटीने १८१५ च्या सुमारास निरनिराळ्या कुळप्रमुखांना लिहिले, की आपापल्या कुळाच्या अस्सल चौकडीचा नमुना आपल्या मोहोरेनिशी आमच्याकडे ठेवण्यास पाठवावा. तेव्हा मोठी पंचाईत झाली. कित्येकांना आपली चौकडी कोणती हेच ठाऊक नव्हते. मॅकडोनल्ड कुळाच्या लॉर्डसाहेबांनी तर सरळ कळवले, की आमची चौकडी कोणती ह्याविषयी मी खरोखर अजाण आहे. तुम्हीच शोध करून अस्सल नमुना मिळवून द्या.

अडलेल्यांच्या मदतीला धावले ते विणकर. बॅनकबर्न गावच्या विल्सन मंडळींची पेढी फौजेला चौकडीचे कापड पुरवीत असे. तिची १८१९ सालची नमुनावही प्रसिद्ध आहे. तीत दोनशेंहून अधिक चौकड्यांच्या सुतांचा हिशेब आहे. पूर्वी पुष्कळ नमुन्यांना नुसते क्रमांक असत. गिऱ्हाईक नाव मागू लागले, तेव्हा क्रमांकांना नावे मिळाली. ह्यू ट्रेव्हर-रोपर ह्या इतिहासकाराने त्यांतल्या एकाची वंशावळ दिली आहे. क्रमांक १५५ चे कापड वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांसाठी किड नावाच्या कोणा गृहस्थाने ठोक भावाने घेतले, म्हणून त्याचे नाव ‘किड’ पडले. पुढे मॅकफर्सन कुळाच्या प्रमुखाला चौकडी हवी झाली, तेव्हा तेच कापड ‘मॅकफर्सन’ झाले. गुलामाच्या अंगावरून सरदाराच्या अंगावर जाण्यास कापडाला केवढासा वेळ लागला!

ह्या साऱ्या हौसेवर कळस चढला तो ऑगस्ट १८२२ मध्ये. चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत राजाचे पाऊल स्कॉटलंडात पडले नव्हते. स्वागताची सारी सूत्रे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट ह्याच्या हाती होती, आणि त्याने राजधानीला कादंबरीचाच रंग दिला. कुळप्रमुखांनी आपापल्या माणसांना किल्ट नेसवून आणले. राजाही लाल ‘रॉयल स्टुअर्ट’ चौकडीचा किल्ट नेसून दरबारात आला. राजेसाहेब अंगाने स्थूल, किल्ट जरा आखूड, आणि पायांत कातडीच्या रंगाचे तंग पायमोजे! त्या पोशाखाचे बिल साडेतेराशे पौंडांवर गेले. व्यंगचित्रकारांची त्या महिन्यात चंगळ झाली. पण ज्या घराण्याने कलोडनला कुळे चिरडली आणि किल्ट बेकायदा ठरवला, त्याच घराण्याचा राजा ज्या स्टुअर्टांना आपल्या पूर्वजांनी हाकलले त्यांच्याच नावाची चौकडी नेसून उभा आहे, ह्यातला विलक्षण न्याय त्या हशात पुष्कळांच्या ध्यानात आला नसावा.

पुढे दोघा भावांनी, स्वतःला स्टुअर्ट घराण्याचे गुप्त वारस म्हणवीत, १८४२ साली ‘व्हेस्टिएरियम स्कॉटिकम’ हा ग्रंथ काढला. जुन्या हस्तलिखिताच्या आधाराने कुळांच्या चौकड्या दिल्या आहेत, असे ते सांगत. हस्तलिखित बनावट होते. तरीही त्यातल्या अनेक चौकड्या आज कुळे अधिकृत म्हणून मिरवतात. व्हिक्टोरिया राणी व प्रिन्स अल्बर्ट ह्यांनी बालमोरलची जागा घेतली, तेव्हा अल्बर्टने आपल्या हाताने एक करडी चौकडी रेखाटली. राजघराण्याबाहेर ती जवळजवळ कोणालाच नेसता येत नाही. राणीला आवडले ते सर्वांना आवडले. आणि डोंगरी दरोडेखोराचे म्हणून हिणवलेले वस्त्र सबंध स्कॉटलंडचे झाले.

ह्या उत्सवाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ही हकीकत खरी होणार नाही. ज्या वर्षांत प्रमुख मंडळी चौकड्यांचे नमुने मोहोरबंद करीत होती, त्याच वर्षांत त्यांच्या जमिनींवरून त्यांची कुळे हुसकली जात होती. येथे मराठीतला ‘कुळ’ हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो: गोताच्या अर्थाने आणि जमीन कसणाऱ्याच्या अर्थाने. माणसांपेक्षा मेंढ्यांचे उत्पन्न अधिक, असे दिसून आल्यावर सदरलंडसारख्या भागांतून हजारो कुटुंबे समुद्रकाठी, गिरण्यांच्या शहरांत किंवा कॅनडाच्या जहाजांवर लोटली गेली. ग्लेनगॅरीचा प्रमुख ॲलिस्टर मॅकडोनेल हा तर ह्या विसंगतीचा पुतळाच होता. तो नेहमी संपूर्ण हायलंडी पोशाखात वावरे. खऱ्याखुऱ्या हायलंडरांची म्हणून त्याने १८१५ साली एक संस्था काढली. रेबर्नने त्या थाटात काढलेले त्याचे चित्र आजही एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रशाळेत आहे. आणि त्याच्या खोऱ्यांतून त्याची रयत देशोधडीला लागत होती. वस्त्राचा अभिमान आणि ते विणणाऱ्या हातांची उपेक्षा ही दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे त्या चित्रासमोर उभे राहिले की कळते.

१९८३ साली ट्रेव्हर-रोपरने हे सगळे एका निबंधात मांडले, आणि कुळांच्या चौकड्यांची परंपरा ही मागाहून रचलेली परंपरा आहे, असा निकाल दिला. त्याच्या काही तपशिलांवर पुढे आक्षेप आले, परंतु मुख्य मुद्दा बहुतेकांनी मान्य केला आहे. मग प्रश्न उरतो. हे कळल्यावर स्कॉट मनुष्याने किल्ट खुंटीवर टांगून ठेवावा काय?

तसे काही झालेले नाही. आणि का झाले नाही हे समजण्यासाठी माणूस किल्ट निवडतो कसा, ते पाहावे. पहिला प्रश्न चौकडीचा. आडनावावरून कुळ निघाले तर सोपे. पण एकाच कुळाच्या अनेक चौकड्या: समारंभाची पांढऱ्या छटेची, शिकारीची हिरवी-तपकिरी. त्यांतही रंग ‘जुने’, ‘नवे’ व ‘उन्हापावसात विटलेले’. ह्यांतले ‘जुने’ म्हणजे वनस्पतींच्या रंगांची आठवण देणारे फिके रंग एवढेच. कापड काल विणलेले असते. बापाच्या कुळाची चौकडी आवडली नाही तर आईच्या कुळाची घेतात. कोणी गावाची, जिल्ह्याची घेतो, कोणी ज्या रेजिमेंटमध्ये आजोबा होते तिची. ज्याला काहीच लागू पडत नाही, त्याला ‘ब्लॅक वॉच’ आहेच. कायद्याने कोणालाही अडवलेले नाही. स्कॉटलंडात स्थायिक झालेल्या इक्बालसिंग ह्या शीख गृहस्थांनी सिंग नावाची चौकडी करवून घेतली आणि ती १९९९ साली नोंदली गेली. २००८ च्या कायद्याने चौकड्यांची एक सरकारी नोंदवही निघाली, आणि २००९ पासून तीत नव्या चौकड्या दाखल होत आहेत. ज्या पार्लमेंटने चौकडी गुन्हा ठरवली ते लंडनचे. ज्याने ती दप्तरी नोंदवली ते एडिंबरोचे. मधला काळ दोनशे बासष्ट वर्षांचा.

चौकडी ठरली की कापड मापायचे. चांगल्या किल्टला आठ वार कापड लागते. आपल्या नऊवारीला एक वार कमी! पुढून सपाट दोन पदर एकावर एक येतात. बाकीचे सारे कापड मागच्या पंचवीस-तीस निऱ्यांत जिरते. निरी घालण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत निऱ्या अशा मोजून घालतात, की मागूनही चौकडी अखंड दिसावी. दुसरीत प्रत्येक निरीवर एकच रेघ येते, ती फौजी पद्धत. कमरेपासून नितंबापर्यंत निऱ्या हाताने टाचतात, पुढे त्या मोकळ्या सोडतात. चालताना त्या मागे झुलतात. खालच्या कडेला दुमड नसते; मागावर विणलेला काठच तेथे ठेवतात आणि तो गुडघ्याच्या मध्यावर यावा, अशी लांबी वरून बेततात. लुगड्याचा काठ कोणी दुमडून शिवत नाही, तसेच हे.

आणि कापड कापून फेकीत नाहीत. ते निऱ्यांत दडून राहते. त्यामुळे नेसणारा वयाबरोबर सुटला, तर शिवण सैल करता येते, पट्टे व बकले सरकवता येतात; बापाचा किल्ट मुलाला बसवून देता येतो. चांगले लोकरी कापड दोनतीन पिढ्या सहज टिकते. कुळाच्या चौकडीची शंभर पिढ्यांची परंपरा खोटी असेल. पण ह्या दोनतीन पिढ्या मात्र खऱ्या असतात. आपल्याकडे लेकीला आईची पैठणी प्यारी असते ती सातवाहनांच्या काळी पैठणला रेशीम विणत होते म्हणून नव्हे. आई ती नेसली होती, म्हणून.

ह्याचे एक उदाहरण जगजाहीर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, विषारी वायूंच्या धास्तीने व इतर सोयींसाठी, रणांगणावर किल्ट नेसणे ब्रिटिश फौजेने बंद केले होते. रणांगणावर बॅगपाइप वाजवण्यासही पाइपवाले फार मारले जातात म्हणून मनाई होती. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांची सैन्ये उतरली. त्यांत लॉर्ड लोव्हॅट ह्या हायलंडी सरदाराच्या कमांडो तुकडीबरोबर बिल मिलिन नावाचा एकवीस वर्षांचा पाइपवाला होता. ती मनाई इंग्रजांच्या युद्धखात्याची, आपण दोघे स्कॉट आहोत, असे म्हणून लोव्हॅटने त्याला वाजवायला लावले. मिलिन गार पाण्यात उतरला तेव्हा त्याचा किल्ट पाण्यावर पसरून तरंगू लागला. किनाऱ्यावर गोळ्यांच्या वर्षावात तो येरझारा घालीत वाजवीत राहिला. आपण त्याच्यावर नेम धरला नाही तो वेडा झाला असे वाटून, असे पुढे पकडलेल्या जर्मनांनी सांगितल्याचे मिलिन सांगत असे.

त्याच्या अंगावर कॅमेरॉन चौकडीचा किल्ट होता. तो नवा नव्हता, आणि सरकारी कोठारातला तर नव्हताच. पहिल्या महायुद्धात त्याचा बाप फ्लँडर्सच्या चिखलात लढला, तेव्हा त्याने नेसलेला तो किल्ट होता. मिलिनचा जन्म कॅनडाचा, बालपण ग्लासगोचे.  कॅमेरॉनांची चौकडी कलोडनला होती की नव्हती, हे कोणी त्याला त्या पाण्यात सिद्ध करून दाखवले असते, तरी त्याने तो किल्ट सोडून ठेवला नसता.

इतिहासकाराने खोट्या वंशावळी खोट्या आहेत असे सांगितलेच पाहिजे. तसे सांगितले नाही, तर ग्लेनगॅरीसारखे प्रमुख चित्रातून आपल्याला फसवीत राहतील, आणि मेंढ्यांसाठी हुसकलेली माणसे चौकडीच्या झगमगाटात दिसेनाशी होतील. पण वंशावळ खोटी ठरली, तरी वस्त्र खोटे ठरत नाही. राजाने ते हिरावले, फौजेने ते सांभाळले, कादंबरीकाराने सजवले, व्यापाऱ्याने विकले. ह्यांपैकी कोणीही त्याला जे देऊ शकला नाही, ते नेसणाऱ्यांनी त्याला दिले: अंगाची ऊब. १७४६ च्या कायद्याला जी भीती वाटत होती, ती हीच असली पाहिजे. चौकड्या कोणालाही विणता येतात. बापाच्या निऱ्या मात्र मुलाच्याच कमरेला बसवाव्या लागतात.